शेजाऱ्यांशी ओळख कशी वाढवावी? ठाणे आणि नवी मुंबईकरांचे अनुभव हवे आहेत

पातलीपाडा_नवीन

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावरील एका उंच इमारतीत आम्ही अलीकडेच राहायला आलो आहोत. घर चांगले आहे, खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात आणि मुलीचे कॉलेजही सोयीचे पडते. माझा प्रश्न घराविषयी नसून मजल्याविषयी आहे. आमच्या मजल्यावर सहा घरे आहेत आणि त्यांपैकी एकाही घरातील माणसांची नावे मला ठाऊक नाहीत. दारांवर फक्त क्रमांक आहेत. यजमान आणि मी सकाळी लवकर बाहेर पडतो, संध्याकाळच्या वाहतुकीमुळे परतायला उशीर होतो, आणि दिवसभर घरात एकट्या असतात त्या माझ्या सासूबाई. त्यांचे वय ७६ आहे, सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच आहेत आणि त्यांचा बहुतेक जन्म ठाण्याच्या जुन्या भागात, सतत उघड्या असणाऱ्या दारांच्या सोबतीने गेला आहे.

इमारतीचा व्हॉट्सअॅप समूह आहे, परंतु त्यावर टँकर कधी येणार, कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली आहे आणि लिफ्ट केव्हा दुरुस्त होणार, एवढेच विषय असतात. तेही आवश्यक आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र दुपारी दोन वाजता सासूबाईंना चक्कर आली, तर त्यांनी कोणते दार वाजवायचे, याचे उत्तर त्या समूहात मिळत नाही. मला शंभर घरांशी मैत्री करायची नाही. आमच्या मजल्यावरील दोन घरांनी त्यांना नावाने ओळखावे आणि त्यांनीही त्या दोन घरांत संकोच न करता जावे, इतकीच माझी इच्छा आहे. ज्यांना हे साधले आहे त्यांनी सुरुवात नेमकी कशापासून केली, ते कृपया सविस्तर लिहावे.

नौपाडा_जुनी_गॅलरी

ताई, तुमच्या सासूबाईंसारखीच मीही वाढले. नौपाड्यातील आमच्या इमारतीला प्रत्येक मजल्यावर लांब सामाईक गॅलरी होती. ती इमारत आता पुनर्विकासात गेली. त्या काळाविषयी बोलताना लोक फार हळवे होतात, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. त्या गॅलरीत जिव्हाळा होता, तसा जाचही होता. कोणाच्या घरी कोण आले, सून किती वाजता परतली, कोणाकडे कोणाला पाणी चालते आणि कोणाला चालत नाही, या सगळ्याची नोंद तिथे ठेवली जात असे. ते सारे परत यावे, असे मला मुळीच वाटत नाही.

परंतु त्या गॅलरीतून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथली माणसे आजच्यापेक्षा स्वभावाने प्रेमळ होती म्हणून ओळखी झाल्या नाहीत, तर रोज एकमेकांकडे काही ना काही मागावे लागत होते म्हणून झाल्या. पाणी पहाटे येई, तेव्हा उशिरा उठणाऱ्या घराची कळशी शेजारीण भरून ठेवत असे. आज पाणी, गॅस, किराणा सगळे घरपोच येते आणि मागण्याचे कारणच उरत नाही. म्हणून नव्या इमारतीत ते कारण आपणच समजून-उमजून शोधावे लागते.

माझा सल्ला असा की पहिल्यांदा दार वाजवताना काही द्यायला जाऊ नये, काहीतरी मागायला जावे. मिठाईचा डबा घेऊन गेलात, तर समोरचा माणूस आभार मानतो, दार लावतो आणि परतफेडीच्या विचाराने थोडा अवघडतो. सासूबाईंना छोटी वाटी घेऊन विरजण मागायला पाठवा. विरजणाला सहसा कोणी नाही म्हणत नाही, ते द्यायला खर्च येत नाही, आणि ते देताना दूध कोणते घेता, दही आंबट होते का, गावाकडे कसे लावतात, हे बोलणे आपोआप निघते. शेजारी केरळचे असोत की कच्छचे, दही सगळ्यांच्या घरी लागते. मग दोन दिवसांनी वाटी परत करायची ती रिकामी करू नये, ही रीत सासूबाईंना सांगायची गरजच नाही. त्या वाटीत चार करंज्या असतील किंवा नुसते खोबरे, पण ती वाटी पुढे जात-येत राहील.

सीबीडी_आर्किटेक्ट

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. त्यात जागेच्या रचनेची बाजू जोडतो, कारण सोसायट्या नूतनीकरणावर पुष्कळ खर्च करतात आणि हा विचार त्यात क्वचितच होतो.

अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. कोणाची कोणाशी मैत्री होते, हे त्यांनी पाहिले. एकाच मजल्यावर लागून असलेल्या घरांच्या बाबतीत हे प्रमाण ४१ टक्के होते, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना असलेल्या घरांच्या बाबतीत ते १० टक्क्यांवर आले. प्रत्यक्षातील अंतर पाहिले तर ते काही पावलांचेच होते. शिवाय जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरील लोकांशी ओळख इतरांपेक्षा अधिक होती, कारण लोक तिथून रोज जात-येत होते. आपले मित्र आपण विचारपूर्वक निवडतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कोण आपल्या नजरेस वारंवार पडते, यावर बरेच काही ठरते.

आमच्या बेलापुरात याचे उत्तम उदाहरण आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळासाठी सेक्टर ८ मध्ये जी वसाहत आखली, जिला सगळे आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, तिथे सात घरे सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या एका छोट्या चौकाभोवती बसवली आहेत. असे तीन गट मिळून, म्हणजे २१ घरे मिळून, आणखी एक मोठा चौक होतो आणि पुढे तीच मांडणी वाढत जाते. माणूस घराबाहेर पडला की तो थेट शहरात न जाता आधी सात घरांच्या चौकात येतो. त्या वसाहतीतील कितीतरी घरे आता पाडून उंच बांधली गेली आहेत, तरी चौक शिल्लक आहेत आणि मुले तिथे खेळतात.

उंच इमारतीत असा चौक मिळत नाही, परंतु लिफ्टसमोरची जागा असते. तिथे सध्या आरसा, कृत्रिम फुलांची कुंडी आणि ‘येथे थांबू नये’ अशा अर्थाची पाटी असते. मुख्य प्रवेशाजवळ, टपालपेट्यांच्या शेजारी, पाठ असलेले एक बाक ठेवावे. पाठ महत्त्वाची आहे, कारण वयस्कर माणसे पाठ नसलेल्या दगडी कट्ट्यावर फार वेळ बसू शकत नाहीत. अग्निसुरक्षेसाठी जिना आणि बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा राहील, एवढी काळजी मात्र अवश्य घ्यावी.

ऐरोली_सचिव

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे आणि गेली बरीच वर्षे हे काम मनापासून करत आलो आहे. मोठ्या कार्यक्रमांनी शेजार निर्माण होतो, ही समजूत मला चुकीची वाटते. गणेशोत्सवात वाद्यवृंद बोलावला, जेवणाचे कंत्राट दिले, मंडप सजवणारे बाहेरून आणले, की रहिवासी केवळ प्रेक्षक होतात. वर्गणी द्यायची, खुर्चीवर बसायचे, ताट घ्यायचे आणि घरी जायचे. आमच्याकडे आम्ही खर्च कमी केला आणि कामे वाढवली. रोजच्या आरतीची आणि नैवेद्याची पाळी मजल्यांना दिली. एका मजल्यावरच्या घरांनी मिळून ठरवायचे की मोदक कोण करणार, तबक कोण लावणार आणि नंतर भांडी कोण आवरणार. ज्यांच्या घरी गणपती बसवण्याची प्रथा नाही, अशी ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबेही खुर्च्या मांडण्यात आणि मुलांच्या स्पर्धा घेण्यात पुढे असतात. वर्गणी ऐच्छिक ठेवली आहे, आणि कोणी दिली नाही याची यादी फलकावर लावत नाही. हा नियम कोणत्याही संस्थेने मोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरे काम कागदावर केले. प्रत्येक मजल्याची एक स्वतंत्र यादी आहे. ज्यांनी लेखी संमती दिली त्यांचीच माहिती त्यात आहे आणि ती त्या मजल्यापुरतीच मर्यादित राहते. घरात दिवसा कोण असते, संकटात प्रथम कोणाला कळवायचे, नेहमीचे डॉक्टर कोण, एवढे तीन रकाने पुरतात. खाली मोठ्या अक्षरांत रुग्णवाहिकेचा १०८, आपत्कालीन मदतीचा ११२ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मदतवाहिनीचा १४५६७, हे क्रमांक आहेत. २०२० च्या टाळेबंदीत आमची एक विंग बंद करण्यात आली, तेव्हा कोणत्या घरात एकटे वृद्ध आहेत आणि कोणाला इन्सुलिन लागते, हे ठरवण्यात एक तासही गेला नाही. औषधे दरवाज्यापर्यंत पोहोचली. शेजारच्या काही संस्थांना त्याच काळात घरोघरी फोन करून ही माहिती गोळा करावी लागली होती.

खारघर_भाडेकरू

येथे आतापर्यंत सर्वांनी मालकांच्या दृष्टीने लिहिले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. ठाणे आणि नवी मुंबईत माझ्यासारखे असंख्य लोक अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. आम्ही राहत होतो त्या एका संस्थेत भाडेकरूंना व्हॉट्सअॅप समूहात प्रवेश नव्हता, कोजागरीच्या दुधाला बोलावणे नव्हते, आणि आमच्या मुलाला बागेत खेळण्यावरून दोनदा हटकण्यात आले. पाणी बंद राहणार असल्याचे आम्हाला रखवालदाराकडून कळत असे. ही वागणूक मला फार लागली होती.

भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मताधिकार नसतो, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. घरमालक त्या घरात राहत नाही म्हणून संस्था त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते, आणि राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. हा सगळा व्यवहार मालक आणि संस्था यांच्यातील झाला. शेजारी म्हणून आम्ही कमी का ठरावे? भिंतीपलीकडे जो राहतो तो शेजारी. करार अकरा महिन्यांचा असला, तरी तो वाढवत वाढवत पाच-सहा वर्षे एकाच घरात काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. पातलीपाड्याच्या ताईंना मी एवढेच सांगेन की मजल्यावरील दोन घरे शोधताना भाड्याचे घर वगळू नका. आम्हालाही कोणीतरी नावाने हाक मारावी, असे वाटते, आणि कदाचित आम्हाला त्याची गरज अधिक असते.

ऐरोली_सचिव

आपले म्हणणे शंभर टक्के योग्य आहे. आमच्या मजल्यांच्या याद्यांत भाडेकरूंची नावे पहिल्यापासून आहेत. सूचनांच्या समूहातून त्यांना वगळण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. मतदानाचा विषय सभेत येतो, पाण्याचा विषय प्रत्येक घरात येतो.

माजिवडा_शांतता

मी एकटी राहते, रात्रपाळीत काम करते आणि दिवसा झोपते. शेजाऱ्यांच्या ओळखीचा आग्रह धरणाऱ्यांनी माझ्यासारख्यांचाही विचार करावा, अशी विनंती आहे. याआधीच्या इमारतीत ओळख वाढली आणि तिच्यासोबत चौकशी वाढली. घरी कोण आले होते, लग्न कधी, इतक्या उशिरा कुठून येता? काळजी आणि पाळत यांत फरक आहे आणि तो पुष्कळांना कळत नाही. माझ्या अडचणीच्या वेळी कोणी यावे, असे मलाही वाटते, परंतु त्याची किंमत म्हणून माझ्या दिनक्रमाचा हिशेब द्यायची माझी तयारी नाही.

नौपाडा_जुनी_गॅलरी

तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो, गॅलरीतील जाच मी उगाच लिहिला नव्हता. माझ्या मते शेजारधर्माला मर्यादा असावी आणि ती प्रत्येक घराने स्वतः ठरवावी. तुम्ही मजल्यावरील एका घराला मोकळेपणे सांगू शकता की मी दिवसा झोपते, घंटा वाजवू नये, मात्र धूर दिसला किंवा दोन दिवस दूध बाहेर पडून राहिले, तर खुशाल दार ठोठावावे. बहुतेक माणसांना असे स्पष्ट सांगितलेले आवडते, कारण त्यांनाही कुठवर जायचे ते कळते.

हळदीकुंकवाविषयी याच अनुषंगाने लिहायचे राहिले होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या इमारतींत हळदीकुंकू होते आणि नव्या घरातील स्त्रियांना ओळखी करून घेण्याची ती वर्षातील सर्वांत सोपी संधी असते. मात्र त्यात विधवांना बोलावत नाहीत, अविवाहित मुलींना वगळतात, आणि पातलीपाड्याच्या ताईंच्या सासूबाईंसारखी स्त्री नेमकी त्या दिवशी घरात एकटी बसते. आमच्याकडे आम्ही बोलावणे प्रत्येक घराला देतो, पुरुषांनाही देतो, तिळगूळ सर्वांना आणि वाणही सर्वांना. पहिल्या वर्षी दोन-तीन घरांनी नाराजी दाखवली. पण ज्या आजी कित्येक वर्षे अशा समारंभाला गेल्या नव्हत्या, त्या नवी साडी नेसून सर्वांत आधी आल्या होत्या, आणि त्यानंतर कोणी जुन्या पद्धतीचे नाव काढले नाही.

वाशी_ज्येष्ठ

आम्ही वाशीत आलो तेव्हा हे शहर नुकते वसत होते. सिडकोची स्थापना १९७० ची आणि वाशीपर्यंत लोकल आली ती १९९२ साली. मधल्या काळात मुंबईला जायचे तर खाडीपुलावरून बसने. सकाळी ठरावीक बसथांब्यावर ठरावीक माणसे उभी असत. सुरुवातीला आम्ही एकमेकांना केवळ चेहऱ्याने ओळखत होतो. कोणी दोन दिवस दिसला नाही, की तिसऱ्या दिवशी कोणीतरी संध्याकाळी त्याच्या घराची चौकशी करत पोहोचत असे. त्या बसथांब्यावरील माणसे पुढे एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत घरच्यासारखी वावरली.

आता निवृत्तीनंतर तेच काम आमच्यासाठी महापालिकेचे ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र करते. नवी मुंबईत अशी केंद्रे अनेक विभागांत आहेत. वर्तमानपत्रे असतात, कॅरम असतो, आणि रोजची वेळ ठरलेली असते. माझ्या अनुभवाने वेळ ठरलेली असणे ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. बागेत केव्हाही गेलात, तर रोज वेगळी माणसे भेटतात आणि ओळख पुढे सरकत नाही. सासूबाईंनी रोज संध्याकाळी साडेपाचला इमारतीच्या आवारात एकाच बाकावर बसावे. त्यांनी कोणाशी बोललेच पाहिजे, असे नाही. काही आठवड्यांत त्या वेळी तिथून जाणाऱ्या माणसांना त्या दिसणे अपेक्षित वाटू लागेल, आणि एखाद्या दिवशी दिसल्या नाहीत तर कोणाला तरी चुकल्यासारखे वाटेल.

कळवा_आरोग्यसेवा

काकांनी जे लिहिले त्याला जीवनमरणाचे मोल आहे. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लाइनेनबर्ग यांनी नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या लगतच्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरिबी होती आणि एकटे वृद्धही होते, तरी साउथ लॉनडेलमध्ये मृत्यूचे प्रमाण कितीतरी कमी राहिले. तिथल्या पदपथांवर वर्दळ होती, दुकाने उघडी होती, वृद्ध माणसे भीती न बाळगता बाहेर पडत होती आणि त्यामुळे ती इतरांच्या नजरेत होती. आपल्याकडील मार्च ते मेचा उकाडा आणि दुपारी जाणारी वीज लक्षात घेता, वरच्या मजल्यांवरील वृद्धांची दुपारी एकदा विचारपूस होणे आवश्यक आहे.

घणसोली_गावठाण

मी आगरी समाजातला आणि गावठाणात राहणारा. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या आणि आमच्या शेतांवर सेक्टर उभे राहिले. आज एका रस्त्याच्या अलीकडे गाव आहे आणि पलीकडे तुमच्या सोसायट्या आहेत, तरीही तीस-तीस वर्षे शेजारी राहणारी माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्या गावदेवीच्या जत्रेला सर्वांना मोकळे आमंत्रण असते. एकदा या, आमच्या घरी तांदळाच्या भाकरीसोबत कालवण खा, मग बाजारात भेटल्यावर तुम्ही आपसूक थांबून बोलाल.

आणखी एक सुचवतो. तुमच्या इमारतीत प्रत्येक घराला ओळखणारी माणसे आजही आहेत. घरकामाच्या मावशी, इस्त्रीवाले, कचरा उचलणारे, दिवसपाळीचे रखवालदार यांना कोणत्या घरात आजारी माणूस आहे आणि कोणती आजी दुपारी एकटी असते, हे सचिवांच्या आधी ठाऊक असते. त्यांच्यापैकी बरेच जण आमच्या गावठाणातच भाड्याने राहतात. त्यांना नावाने ओळखावे, त्यांना बसायला सावली आणि प्यायला पाणी द्यावे. त्यांच्याकडून ज्या ओळखी होतील, त्या कोणत्याही समूहातून होणार नाहीत.

पातलीपाडा_नवीन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना आज विचारले, तेव्हा कळले की समोरच्या घरात एक तमिळ आजी आहेत आणि त्याही दिवसभर एकट्याच असतात. त्यांना मराठी थोडे समजते. सासूबाई विरजण मागायला जायला तयार झाल्या आहेत. एक व्यावहारिक शंका आहे. पुढेमागे विश्वास बसल्यावर घराची जादा किल्ली शेजारी ठेवावी का, आणि ती कशी ठेवावी?

ऐरोली_सचिव

अवश्य ठेवावी. बंद पाकिटात घालावी, पाकिटावर घराचा क्रमांक न लिहिता दोन्ही घरांतील मोठ्या माणसांना सांगून ठेवावे, आणि सुरक्षा चौकीत ती देऊ नये, कारण तिथली माणसे बदलत असतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतली कडी. वयस्कर माणसे दुपारी एकटी असताना भीतीपोटी वरची कडी आणि साखळी दोन्ही लावून बसतात, आणि आत पडली, तर बाहेर किल्ली असूनही दार उघडत नाही. आमच्या इमारतीत असे घडले आहे आणि अग्निशमन दलाला दार तोडावे लागले. बाहेरून किल्लीने उघडणारे चांगले कुलूप बसवून घ्या, दिवसा कडी न लावण्याची सवय सासूबाईंना लावा आणि समोरच्या आजींच्या घरीही तेच करायला सांगा. सुताराला दोन्ही दारांचे काम एकाच दिवशी द्या.